कुकडीकाठचे रांजण

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घेऊन जुन्नर-पैठणकडे निघालेले व्यापारी या वाटेने घाट चढत आणि जकातीची नाणी त्या रांजणात टाकत, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्याच घाटाच्या परिसरात, कुकडेश्वराच्या प्राचीन मंदिराजवळ, कुकडी नदी उगम पावते. जुन्नरच्या खोऱ्यातून आणि येडगावच्या धरणातून वाट काढीत ती पूर्वेकडे येते, घाटाची हिरवाई मागे टाकते आणि पुणे व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, निघोज गावाजवळ, आपल्याच पात्रात शेकडो रांजण कोरून ठेवते. एका बाजूला पारनेर तालुक्यातील निघोज, दुसऱ्या बाजूला शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि मधे काळ्या खडकाचे हे अजब शिल्प. शाळेच्या भूगोलात ‘रांजणखळगे’ हा शब्द येतो तो प्रामुख्याने याच ठिकाणामुळे.

पुण्याहून हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. तरीही बिबवेवाडीतील एका भुसार व्यापारी कुटुंबाला तेथे जाण्यास बाबूजींच्या वयाची एक्याऐंशी वर्षे उलटावी लागली. नातवाच्या परीक्षेत रांजणखळग्यांवर प्रश्न आला, हे निमित्त. बाबूजींनी मात्र एक अट घातली. परतताना शिरूर तालुक्यातील आपल्या मूळ गावी थांबायचे आणि ओढ्याकाठचे आपले रान सर्वांनी एकदा डोळ्यांनी पाहायचे. त्या रानाला गिऱ्हाईक आले होते. थोरल्या चिरंजीवांनी दलालाशी बोलणेही सुरू केले होते. अट घालण्यामागचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते, पण गाडीत त्याविषयी कोणी बोलले नाही.

गेल्या जानेवारीतील रविवार. पहाटेची सामायिक आटोपून दोन गाड्या नगर रस्त्याला लागल्या. वाघोली, रांजणगाव, मग घोडनदी. शिरूरला आजही जुनी माणसे घोडनदीच म्हणतात. तेथील स्थानकात मुक्कामी असलेल्या साध्वीजींकडून मांगलिक ऐकून गाड्या निघोजकडे वळल्या. घाटमाथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस येथवर येईतो जवळजवळ रिता झालेला असतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर लोक समाधान मानतात. कालव्याचे आवर्तन जेथे पोहोचते तेथे ऊस आणि कांदा, जेथे पोहोचत नाही तेथे मुरमाड माळ, बाभळी आणि करवंदाएवढी वाढलेली बोरीची झुडपे. राजस्थानातून पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेल्या पूर्वजांना हा मुलूख परका वाटला नसावा.

नदीकाठी पोहोचल्यावर प्रथम निराशाच होते. समोर दिसते ते काळ्या खडकाचे सपाट, रुंद पठार. नदी कुठे आहे, असा प्रश्न पडतो. चार पावले पुढे गेल्यावर पायाखालची जमीन एकाएकी उघडते. खडकाला पडलेल्या खोल चिरेत, कित्येक पुरुष खाली, हिरवट पाणी निश्चल उभे असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत अर्धे कापल्यासारखे रांजण एकावर एक, एकात एक गुंतलेले दिसतात. कुठे तोंड निरुंद आणि पोट मोठे, कुठे दोन रांजणांमधील भिंत झिजून कमान उरलेली, कुठे ती कमानही कोसळून नुसता सुळका. कडा कुठेही धारदार नाही. सगळे हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखे. काठावरच्या मळगंगा देवीच्या देवळातील घंटेचा नाद त्या पोकळीत उतरून पुन्हा वर येतो. बाई, म्हणजे मुलांच्या आजी, देवळाच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, त्यातीलच हा बेसाल्ट. पाट्या-वरवंटा, जाती, पायऱ्या, किल्ल्यांचे तट, सगळे याच दगडाचे. इतक्या कठीण दगडाला पाणी भोके पाडते ते एकट्याच्या बळावर नाही. पुराबरोबर वाहत आलेले गोटे खडकातील एखाद्या चिरेत किंवा खोलगट जागी अडकतात. वरून पाण्याचा भोवरा त्यांना गरगर फिरवीत राहतो. गोटा जात्याच्या पाळीसारखा फिरतो, खडक घासतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा जितका खोल, तितका भोवरा अधिक आत ओढणारा, आणि जितका भोवरा जोराचा तितका खळगा आणखी खोल. शेजारचे खळगे वाढता वाढता एकमेकांना भिडतात आणि त्यांच्या एकत्र येण्यातून नदीला ही अरुंद, खोल घळ मिळते. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही रांजणांच्या तळाशी ते गोटे अजूनही दिसतात. वाटोळे, गुळगुळीत, जणू कामावरून थोडा वेळ विसावलेले.

नातवाने पुस्तकातील व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. ती बरोबर होती. पण तळाचे गोटे पाहिल्यावर तो गप्प झाला, हे व्याख्येपेक्षा अधिक मोलाचे.

थोरल्या सूनबाईंचे बंधू अमेरिकेत असतात. त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातील अँटिलोप कॅन्यनची छायाचित्रे कुटुंबाच्या गटावर पाठवली होती. केशरी वाळूच्या खडकात वळसे घेत गेलेली ती चिंचोळी घळ पाहून सगळे हरखले होते आणि ‘आपल्याकडे असे काही नाही’ असेही कोणीतरी लिहिले होते. निघोजच्या काठावर उभे राहिल्यावर ते वाक्य मागे घेण्याची वेळ आली. तेथील खडक म्हणजे एकेकाळच्या वाळूच्या टेकड्या, घट्ट होऊन दगड झालेल्या. त्या मऊ, म्हणून वळणे लांब आणि रेशमी. येथील खडक अग्नीतून निघालेला, म्हणून काम कठीण आणि आकार रांजणांचे. एक गोष्ट मात्र दोहोंकडे सारखी. वाळवंटात वर्षातून मोजकेच दिवस पाणी येते, पण येते तेव्हा भिंतीसारखे येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्या कॅन्यनमध्ये उतरलेल्या अकरा प्रवाशांना असाच लोंढा घेऊन गेला. पाऊस तेथे नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता.

कुकडीचेही तसेच. आकाश निरभ्र असले तरी वरच्या धरणातून पाणी सुटू शकते. म्हणून रांजणांच्या निसरड्या कडांवर एका पायावर उभे राहून चलच्चित्रे काढणाऱ्या तरुणांना पाहून बाबूजींचा चढलेला आवाज समर्थनीयच म्हणावा लागेल. पावसाळ्यात तर येथे दुरूनच पाहावे. आणि पाहून झाल्यावर वेफर्सच्या पिशव्या देवीच्या अंगणात सोडून जाऊ नयेत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. पडते.

नातवाने एक गोटा उचलून खळग्यात फेकण्यासाठी हात मागे नेला, तेव्हा बाई म्हणाल्या, “बेटा, राहू दे तो जिथे आहे तिथे. पृथ्वीकायही जीव, अप्कायही जीव. उगाच कशाला दोघांना धक्का?”

मग त्या आपण होऊन बोलू लागल्या. नवी नवरी म्हणून त्या गावी आल्या तेव्हा पिण्याचे पाणी विहिरीचे. दुहेरी कापडातून ते गाळायचे, आणि कापडावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. गुजराती घरांत तिला संखारो म्हणतात. वरून ओतून चालत नसे. तळाला कडी असलेली कळशी दोरीने हळूहळू खाली सोडायची, पाण्याला टेकली की ती आपोआप कलंडते आणि जीव इजा न होता आपल्या पाण्यात जातात. “सासूबाई काठावर उभ्या राहून बघायच्या. दुसऱ्या विहिरीचे पाणी असेल तर जिवाणी दुसऱ्याच विहिरीला. ज्याचे त्याला,” बाई म्हणाल्या. नळ आल्यावर हे सारे थांबले. नळाच्या पाण्याची जिवाणी परत सोडायची तर कोणत्या धरणात, हा प्रश्न त्यांनी एकदा महाराजसाहेबांनाही विचारला होता, असे त्या हसत हसत म्हणाल्या.

दुपारच्या थेपल्या-दशम्या देवळाच्या सावलीत उरकून मंडळी बाबूजींच्या गावाकडे निघाली.

या मुलखाचा आणि आपल्या समाजाचा संबंध केवळ दुकानदारीचा नाही, हे नव्या पिढीने जाणून घेतले पाहिजे. याच शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने देशमुखांवर मिळवलेल्या हुकूमनाम्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांना हवी होती ती कर्जरोख्यांची आणि हुकूमनाम्यांची कागदपत्रे. ती हाती पडली की जाळली जात. माणसांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणे त्या मानाने फार थोडी. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि मुळात जमीन उथळ, पाऊस बेभरवशाचा. सारा रोख भरायचा तर सावकाराकडे जाण्यावाचून रयतेला गत्यंतर नव्हते. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. सावकारांत मारवाडी आणि गुजर घराणी बहुसंख्य होती. त्यांतील सगळेच क्रूर नव्हते आणि सगळेच निर्दोषही नव्हते. आपल्या मासिकांतून पूर्वजांच्या दानशूरपणाच्या कथा पुष्कळ येतात, त्या येवोत. मात्र वहीला दोन बाजू असतात, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

बाबूजींच्या आजोबांकडे ओढ्याकाठचे ते रान आले ते बरेच नंतर, १९१८ च्या दुष्काळानंतर, थकलेल्या कर्जाच्या खरेदीखताने. गावात त्यांच्या आणखीही जमिनी होत्या. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ नंतर त्या कसणाऱ्या कुळांच्या झाल्या. हे रान तेवढे राहिले. त्याचे कारण साधे होते. ते कोणी कसतच नव्हते. माथ्याचा थोडा भाग सोडला तर सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी. दगड, मुरूम आणि मधून वाहणारी एक ओघळ. बाबूजी पंधरा-सोळा वर्षांचे असताना ती उडी मारून ओलांडत.

आता तेथे उडी मारण्याचा विचारही कोणी करणार नाही. ओघळीची घळ झाली आहे. काठ तुटलेले, मुळे उघडी पडून अधांतरी लोंबणारी बाभूळ, आणि तळाशी पांढऱ्या मुरुमात गेल्या पावसाळ्यातील प्रवाहाच्या रेघा. निघोजला जे पाहून सर्वांनी माना डोलावल्या होत्या तीच ही झीज, पण येथे तिला सौंदर्य नव्हते. बेसाल्टचा रांजण कोरायला नदीला हजारो वर्षे घासावे लागते. माती एका वळवाच्या पावसात जाते, आणि इंचभर माती पुन्हा तयार व्हायला काही शतके लागतात. येथून गेलेली माती कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात. वाटेत प्रत्येक तळ्याच्या, प्रत्येक बंधाऱ्याच्या तळाशी तिचा वाटा साचलेला.

घळीची एक खोड शहरातील माणसाच्या लक्षात येत नाही. पाणी खाली वाहते, घळ मात्र वर चढते. तिच्या डोक्याशी, जेथे पाणी आत कोसळते तेथे, काठ तुटत जातो आणि दर पावसाळ्यात ती चढाच्या दिशेने काही हात पुढे सरकते. या घळीचे डोके आता बाबूजींच्या रानाची हद्द ओलांडून वरच्या शेतात शिरले होते. ते शेत ज्यांचे, त्यांचे पणजोबा १९१८ पूर्वी या रानाचेही मालक होते.

ते गृहस्थ बांधावर वाट पाहत उभेच होते. पन्नाशीचे, अंगात बंडी, हातात कांद्याच्या वाफ्यातील माती. रामराम झाला. चहाचा आग्रह झाला. मग ते घळीकडे बोट दाखवून सहज स्वरात म्हणाले, “शेठ, घळ तुमची हाय, पण खाती आमचं रान.”

यावर कोणी काही बोलले नाही.

गावकऱ्यांची मागणी अवघड नव्हती. घळीच्या वाटेवर चार-पाच ठिकाणी दगडी बांध, म्हणजे पाण्याचा वेग मरेल आणि माती जागीच बसेल. खालच्या सखल भागात एक तळे. गावाच्या जुन्या पाझर तलावात साचलेला गाळ काढून तो ज्यांच्या शेताची माती गेली त्यांच्याच शेतात पसरायचा. राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने ही पद्धत रुजली आहे, आणि पुण्यातूनच सुरू झालेल्या भारतीय जैन संघटनेने दुष्काळी जिल्ह्यांत तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम उभे केले, हे वाचकांना ठाऊक आहे. यंत्राची सोय होण्यासारखी होती, डिझेल गाव भरणार होते. जागा तेवढी हवी होती. ती देण्यासाठी सातबाऱ्यावरील सात नावांची संमती हवी होती.

थोरले चिरंजीव बांधावर बाबूजींपासून चार हात दूर उभे होते. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. मार्केट यार्डातील गाळ्याव्यतिरिक्त शहराबाहेर त्यांनी गोदाम घेतले, त्याचे कर्ज डोक्यावर. तुरीच्या भावात गेल्या हंगामात मोठी खोट बसली. रस्ता रुंद झाल्यापासून या पोटखराब्याला भाव आला होता, आणि मधोमध तळे असलेल्या जमिनीचे भूखंड पडत नाहीत. “बाबूजी,” ते म्हणाले, “शंभर वर्षे या जमिनीने आपल्याला एक पायली बाजरी दिली नाही. आता पहिल्यांदा ती काही देते आहे.”

“देते आहे ते खरं,” बाबूजी म्हणाले. “पण ती आपल्याकडे आली कशी, तेही वहीत आहे.”

“त्या काळी कायद्यानेच आली ना?”

“कायद्यानेच आली. मी कुठे नाही म्हणतो?”

धाकट्या सूनबाई सनदी लेखापाल. एरवी सासऱ्यांच्या आणि दिरांच्या बोलण्यात त्या सहसा पडत नाहीत. घळीच्या काठावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “यंत्रावर घसारा धरतो, इमारतीवर धरतो, गाडीवर धरतो. जमिनीवर धरत नाहीत. ती झिजत नाही, असं हिशेबात गृहीत असतं.” एवढेच बोलून त्यांनी मुलाचा हात धरून त्याला काठापासून मागे ओढले.

बाई तोवर बांधावर बसकण मारून होत्या. गाळ काढून शेतात परत टाकायचा, हे त्यांनी त्या गृहस्थांकडून दोनदा समजावून घेतले. कोणाचा गाळ कोणाच्या शेतात, हेही विचारले. मग मान हलवून म्हणाल्या, “म्हणजे जिवाणीच की.” थोरल्या चिरंजीवांनी आईकडे पाहिले आणि नजर वळवली.

बाबूजींनी जागच्या जागी दोन फोन लावले. इचलकरंजीच्या पुतण्याने ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणून सांगितले. चेन्नईच्या बहिणीने मुलांशी बोलून कळवते, असे म्हटले. राहिलेल्या नावांत सर्वांत मोठा अडसर बांधावरच उभा होता.

“मी सही करणार नाही असं म्हटलेलं नाही,” थोरले म्हणाले. “आधी सरकारी मोजणी होऊ द्या. तळ्यात किती जाते आणि वर किती उरते, ते कागदावर येऊ द्या. रस्त्याकडची बाजू मोकळी राहिली तर ती विकता येईल, गोदामाचं कर्ज फिटेल. सगळंच दान करण्याइतके आपण मोठे नाही आहोत, बाबूजी.”

“रस्त्याकडची बाजू मी मागितलीच नव्हती,” बाबूजी म्हणाले.

ऊन कलू लागले होते. चौविहार असणाऱ्यांना सूर्यास्ताच्या आत शिरूर गाठून जेवून घ्यायचे होते, म्हणून धाकट्यांनी गाडी सुरू केली. नातू नदीवरून आणलेली दोरी घेऊन घळीची खोली मोजायला धावला. दोरी अपुरी पडली, तेव्हा तिला बाईंनी डब्याला बांधलेल्या पंचाची गाठ मारून दिली. थोरले चिरंजीव मात्र अजून घळीच्या डोक्याशी उभे होते. खिशातून धान्याच्या पावतीचा कागद काढून, त्याच्या पाठीवर काहीतरी आकडे मांडीत त्यांनी त्या गृहस्थांना विचारले,

“एका बांधाला साधारण किती ब्रास दगड लागेल? आणि दगड इथलाच निघेल, की बाहेरून आणावा लागेल?”